उधना ते जळगाव : हवाई अंतराची एक चिकित्सा

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी होय. वाटेतल्या नद्या, फाटके आणि नातेवाईक या रेषेच्या खिजगणतीत नसतात. सुरत आणि जळगाव ही दोन्ही शहरे २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने ही रेषा जवळजवळ नाकासमोर पूर्वेला जाते व साधारण २८४ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला, चढणे-उतरणे वगळल्यास, तेवढ्यासाठी २१ मिनिटे पुरतात. सुरतेतल्या उधना जंक्शनहून नंदुरबारमार्गे जळगावला जाणारा लोहमार्ग सुमारे ३०६ किलोमीटरांचा आहे, म्हणजे रेल्वे पक्ष्यापेक्षा फारशी वाकडी गेलेली नाही. प्रस्तुत लेखकाची भूगोलावरील श्रद्धा त्याच्या कंबरेच्या घेरासोबत वाढत आलेली असल्याने त्याने एवढ्या आधारावर, आखाजीच्या आदल्या दिवशी, अनारक्षित डब्याचे तिकीट काढले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. या सणाला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर राबणारी खानदेशी कुटुंबे गावाकडे निघतात, ही बाब नकाशात दाखवलेली नव्हती.

साड्यांचे गाठोडे प्रथम आत गेले आणि लेखक दारात अडकला. “सरका ना भो!” हा आदेश पुढून व मागून एकाच वेळी मिळाल्याने कोणत्याही दिशेने त्याचे पालन अशक्य झाले. विमान जळगावला पोचले असते तेवढ्या, म्हणजे २१ मिनिटांच्या, अवधीत लेखक दारापासून हात धुण्याच्या बेसिनपर्यंत, अंदाजे एक मीटर सरकला. या वेगाने जळगाव गाठण्यास सुमारे १२ वर्षे, अर्थात एक तप, लागले असते, आणि तापीकाठच्या प्रवासाला हे मान शोभूनही दिसले असते. सुदैवाने तोवर गाडीच हलली.

नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे. ते पाहण्याची लेखकाची फार दिवसांची इच्छा होती, परंतु त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर एका सहप्रवाशाची काख होती.

हा सहप्रवासी बारा तासांची रातपाळी संपवून थेट फलाटावर आला होता व व्यारा मागे पडण्यापूर्वीच उभ्या उभ्या, लेखकाच्या खांद्यावर डोके टाकून, झोपी गेला होता. त्या डोक्याच्या वजनाविषयी लेखकाच्या मनात काही कठोर विचार येऊन गेले, हे नमूद करणे भाग आहे. नंदुरबारला समोरची जागा रिकामी झाली, लोकांनी खुणावलेही. पण तो जागा होईल म्हणून लेखक हलला नाही, आणि त्या जागेवर दोन बायका, तीन मुले व एक पाण्याची कळशी बसली.

अमळनेरला तो दचकून उठला, “ठेसन उनं?” एवढेच म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता गर्दीतून उतरून गेला. लेखकाच्या सदऱ्यावर, खांद्यापाशी, मागावरच्या सुताचे बारीक तंतू चिकटून राहिले होते; ते झटकण्यासाठी लागणारा हात गाठोड्याखालून जळगावपर्यंत निघाला नाही.