माझा पेच आणि अदृश्य पतंग

यंदा उत्तरायणला सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या गच्चीवर मी अशा पतंगाशी पेच लढवला, जो माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. डावीकडे चमचमणारी, करवतीच्या दात्यांची रेघ सरकत होती. मला वाटलं, शेजारच्या पोरांनी चमकीचा नवा माल आणलाय. ढील दिली, खेच मारली आणि ‘काइपो छे!’ म्हणून बोंबललो. मेव्हणा म्हणाला, “दाजी, तुमचा पतंग तर मघाशीच गुल झाला.”

अर्ध्या तासात उजवी कानशील ठणकू लागली. प्रत्येक गच्चीचा भोंगा वेगळं गाणं गात होता. एरवी ज्या उंधियूसाठी मी भांडतो, त्याच्या वासाने पोटात ढवळलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आडवा झालो तर अख्खी सोसायटी वैद्यकी करायला जमली. काकूंनी सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायला सांगितली. सूर्य केव्हाच डोक्यावर आला होता, पण सणाची जिलबी घरात होतीच, म्हणून खाल्ली. राहिली नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले मात्र पेचाला. ही अर्धशिशी, ती रेघ म्हणजे तिची आगाऊ वर्दी, ऑरा. मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रावरून एक लाट हळूहळू सरकते, त्याचा हा खेळ. १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या अशाच रेघांचे नकाशे काढून लाटेचा वेग काढला: मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. त्याने नकाशा काढला, मी ढील दिली.

आदल्या रात्री पतंगांना कन्नी बांधत जागलो, सकाळी उपाशीपोटी उन्हात उभा राहिलो. ज्याला अर्धशिशी आहे त्याला ती उठवायला एवढं पुरतं. गोळी डोकं दुखायला लागताच घ्यायची, जिलबी पचेपर्यंत थांबायचं नाही. साध्या वेदनाशामकाने भागलं नाही तर ट्रिप्टान. वारंवार होत असेल तर प्रोप्रॅनोलॉलसारखं रोजचं प्रतिबंधक औषध.

मग त्यांनी विचारलं, “महिन्यात किती दिवस गोळी घेता?” मी छातीठोकपणे म्हणालो, “चहाबरोबर रोज.” त्यांचा चेहरा उतरला. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असे तीनेक महिने वेदनाशामक घेतलं की डोकेदुखी त्या गोळ्यांचीच सुरू होऊ शकते. म्हणजे मी रोज पैसे मोजून डोकेदुखी आणत होतो, तीही पाकिटामागे घासाघीस करून.

रोजच्या गोळ्या बंद झाल्या. परवा नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने स्कूटर अडवली, “शुं थयुं भाई, सुरत छोडी दीधुं?”