योग्य महिला न सापडल्याबद्दल अभिनंदन

आदरणीय सुकाणू समिती,

पत्रास कारण की, परवाच्या ऑनलाइन बैठकीत आपल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची नवी समिती जाहीर झाली. जागा पाच, पुरुष पाच. कुणीतरी विचारलंच, तेव्हा आपण जड अंतःकरणाने सांगितलंत, "खूप शोधलं हो, पण योग्य महिला मिळाली नाही." आणि लगेच मला उद्देशून, "मॅडम, मिनिट्स घेताय ना?"

घेत होते. आपलं वाक्य त्यात शब्दशः नोंदवलं आहे.

शोध कुठे घेतलात, तेवढं कळवावं. रिलीज नोट्स मी लिहिते. नवख्यांचे पहिले पॅच मी तपासते, ते रुसून निघून जाऊ नयेत म्हणून समजूतही मीच काढते. तुमच्या तक्त्यात मोजले जातात फक्त कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल. जागा रिकामी होती हे आम्हाला ती भरल्यावर कळतं, कारण नावं ठरतात तुमच्या खासगी टेलिग्राम ग्रुपवर. मला मात्र 'डायव्हर्सिटी को-ऑर्डिनेटर' हे पद देऊ केलंत. म्हणजे हळदीकुंकवाचं खातं. आभारी आहे.

"बायका पुढेच येत नाहीत" हे आपलं लाडकं पालुपद. 2006 साली गुगलच्या 'समर ऑफ कोड' या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे 181 अर्ज आले, त्यात बाईचा एकही नव्हता. ग्नोमवाल्यांनी सुस्कारे सोडले नाहीत. त्याच उन्हाळ्यात खास महिलांसाठी उपक्रम काढला. शंभराच्या आसपास अर्ज आले! कुठे लपल्या होत्या एवढ्या बायका? पुढे त्यातूनच 'आउटरीची' हा इंटर्नशिपचा उपक्रम उभा राहिला.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा 1991 पासून आहे. त्यांची पहिली महिला कोअर डेव्हलपर, मारियाटा, झाली 2017 मध्ये. तीही खुद्द पायथॉनचा जनक गिडो व्हान रॉसमने स्त्रियांना शिकवायची तयारी जाहीरपणे दाखवल्यावर. 2018 मध्ये त्याने आपलं 'तहहयात हुकूमशहा' हे पद सोडलं, आणि 2019 मध्ये पाच जणांची समिती चक्क मतदानाने आली. तिच्यात कॅरल विलिंग होती.

राहता राहिली ती 'योग्य' असण्याची, म्हणजे गुणवत्तेची बाब. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या 2017 च्या एका अभ्यासात बायकांचे जवळपास 79 टक्के बदल स्वीकारले गेले, पुरुषांचे जवळपास 75. मात्र प्रकल्पात नवीन असलेली व्यक्ती बाई आहे हे प्रोफाइलवरून कळलं, की हे पारडं उलटं फिरायचं.

अध्यक्षमहाशय, तुमच्यावर धड रागावताही येत नाही. वडील आयसीयूत असताना बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही सुरक्षेचा पॅच टाकलात, फुकट, आणि दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. दमलेला माणूस ओळखीच्यालाच हाक मारतो, कळतं मला. पण मीही फुकटच राबते ना? इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर राबते, आणि तरी मी तुम्हाला सापडत नाही? संताप होतो हो!

तेव्हा पुढची जागा महिनाभर आधी सगळ्यांना कळवा, कमिटबरोबर तपासणी आणि डॉक्युमेंटेशनही मोजा, आणि मतदान घ्या. मी उभी राहणार आहे.

कळावे,
आपली मिनिट्सवाली