गुरुत्वाकर्षणसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. गुरुत्वाकर्षणसाहेब,
मु. पो. सर्वत्र.

विषय : हवेत लटकण्याची सवलत देताना होणाऱ्या पक्षपाताबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी दोन फुटी स्टुलावर चढून माळ्यावरचा पितळी डबा काढत होतो. स्टुलाचा एक पाय आधीपासूनच लंगडा. पुढचं सांगायला नको, आपण तिथे जातीने हजर होतात. खाली पोचायला मला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागला. सिनेमाच्या हिशेबात आठ फ्रेम. एवढ्या वेळात 'आई गं' सुद्धा पुरतं म्हणून होत नाही. डबा मागाहून आला, माझ्यावरच.

पंधरा दिवस कंबरेला पट्टा बांधून पडलो होतो. नात शेजारी बसून 'रोड रनर' हे कार्टून बघत होती. तेव्हा आपलं दुसरं रूप दिसलं.

त्यातला कायोटी म्हणजे अमेरिकेच्या वाळवंटातला, कोल्ह्याच्या जातीचा, कायमचा उपाशी प्राणी. चक जोन्स आणि मायकल मॉल्टीज यांनी 1949 साली तो पडद्यावर आणला. तेव्हापासून तो रोड रनर नावाच्या पक्ष्यामागे धावतोय आणि कड्यावरून सुटतोय. सुटतो, पण पडत नाही. हवेत चार पावलं टाकतो, थांबतो, पायाने खालची जागा चाचपतो, मग प्रेक्षकांकडे असा बघतो, जसा महिनाअखेरीला उसने मागायला आलेला शेजारी. कधी तर छोटीशी पाटीही काढून दाखवतो. हे सगळं उरकेपर्यंत आपण शांतपणे वाट बघता. मग त्याला खाली नेता, तेही हप्त्याहप्त्याने : आधी पाय, मग धड, मान रबरासारखी ताणली जाते आणि चेहरा सगळ्यात शेवटी. मला मात्र एकरकमी!

कडा सुटला की त्याच क्षणी वाट खाली वळू लागते, हे गॅलिलिओने 1638 साली छापून ठेवलं आहे. त्याआधीचे काही विद्वान मानायचे की तोफेचा गोळा अंगातला जोर असेपर्यंत सरळ जातो आणि जोर संपला की खाली येतो. कायोटीच्या फाइलवर आपण अजून तेच रद्द झालेलं परिपत्रक लावता की काय?

बरं, नुसती दिरंगाईच असती तर समजू शकलो असतो. सरकारी कामं आम्हीही पाहिली आहेत. पण खालच्या प्रवासात आपण भलतीच घाई करता. जोन्स यांनी हिशेब सांगून ठेवला आहे : पडणारा कायोटी ठिपका होऊन दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, मग 14 फ्रेम काहीच नाही, मग तळाशी धुळीचा भपकारा. चौदाच का, तर तेराला हसू येत नव्हतं, पंधरालाही नाही. एकूण 32 फ्रेम. सेकंदाला 24 धरल्या तर एक सेकंद आणि वर तिसरा हिस्सा. तेवढ्या वेळात आपल्या नियमाने वस्तू पडते जेमतेम पावणेनऊ मीटर, म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरून. दरी तर दिसते तीनशे मीटर तरी! हवेचा अडथळा सोडला तरी तिथून पोचायला पावणेआठ सेकंद लागले असते. तेवढ्यात माणूस चहाचं आधण ठेवून येईल.

कागद-पेन्सिल घेऊन हे मांडलं आणि रागच गेला. ही बेशिस्त नाही साहेब, शिस्तीत ती आपल्यालाही भारी आहे. वर लटकण्याचा वेळ कायोटीसाठी नाहीच, तो आमच्यासाठी. आधी आम्हाला कळावं, मग त्याला कळावं, मग त्याने पडावं. आपला नियम मोडतानाही जोन्स यांनी एकेक फ्रेम मोजली. (आमच्या शाळेत नियम शिकवताना कोणी इतकं मोजलं नव्हतं.) 'गुरुत्वाकर्षण हाच कायोटीचा सर्वांत मोठा शत्रू' अशा अर्थाचा नियमही त्यांनीच लिहून ठेवला आहे, म्हणजे आपला मानही राखला.

तरी नम्र विनंती, की साठी ओलांडलेल्यांना स्टूल, जिना आणि ओली फरशी या तीन ठिकाणी किमान 14 फ्रेमची सवलत मंजूर व्हावी. जास्तीची मागणी नाही. तेवढ्यात मी डबा तरी सोडून देईन.

कळावे,
आपला सदैव आकर्षित,
एक नागरिक

ता. क. डबा अजून जमिनीवरच आहे. तो परत माळ्यावर ठेवायला घरात कोणीही तयार नाही.