झाडपी भाऊजी

आपल्या पूर्वेला राहतो तो जरा अडाणीच, अशी प्रत्येकाची खात्री असते. पुणेकराला नागपूरकर ‘तिकडचा’ वाटतो. नागपूरकर मग भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे बोट दाखवतो. तिथली धानाची, जंगलाची, तलावांची झाडीपट्टी. आणि तिथला माणूस झाडपी.

आमचे भाऊजी अस्सल झाडपी. आम्ही नागपूरकर हा शब्द चिडवायला वापरतो, ते पदवीसारखा मिरवतात. ‘ण’ आणि ‘श’ यांना त्यांनी कायमचं रजेवर पाठवलंय. “दोन अक्सरं कमी हायेत तं कोनाचं अडलं?” जेवायला बसले की आमच्या मानासाठी दोन पोळ्या खातात, हात झटकतात आणि म्हणतात, “हं, आना आता जेवन!” म्हणजे भात.

त्यांच्या गावच्या तळ्याला ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’चं हे सरकारी लघुरूप. भाऊजींना मात्र त्यात नातंच दिसतं. “साऱ्या गावाले पानी पाजते, तं मामाच ना बापा!”

दिवाळी ते होळी भाऊजी कुणाला सापडत नाहीत. गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. घरात पाहुणे मावत नाहीत, पण नाटक न दाखवता पाहुण्याला परत धाडणं म्हणजे उपाशी धाडणं. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. कुठल्या कंपनीत यंदा खलनायक कोण, हे भाऊजींना सोयऱ्यांच्या नावांआधी आठवतं. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पेढे भाऊजींनी वाटले.

होळीनंतर ते पुण्याला, आमच्या सध्याच्या घरी आले. रात्रीच्या प्रयोगाला नेलं, तर भर उन्हाळ्यात चादर आणि कानटोपी घेऊन निघाले. बाराच्या सुमारास पडदा पडला. लोक गाडीच्या किल्ल्या चाचपू लागले. भाऊजींनी चादर गुडघ्यांवर नीट पसरली. “नांदी बेस झाली. नाटक कवा सुरू होते?”

झालं तेच नाटक होतं, हे त्यांना पटेना. पहाटेपर्यंत चालत नाही ते कसलं नाटक? घरी येऊन उरलेले अंक त्यांनी स्वतःच केले: दुष्ट दीर, रडणारी वहिनी, इरसाल नोकर, मधे एक लावणी, सगळं खड्या आवाजात.

सकाळी खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन हजर. साडेतीनला त्यांचा डोळा लागला होता. वहिनीचं पुढे काय झालं?