पाचारण आलं तर? नवशिक्यांसाठी काही सोप्या सूचना

उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, “संडे स्कूलला शिक्षक हवेत,” आणि नेमकं तुमच्याकडे बघितलं. छातीत धडधडलं ना? घाबरू नका. हे पाचारण असू शकतं. मात्र वेळीच उपाय केला तर दुखणं वाढत नाही.

1. ‘नाही’ म्हणू नका. नाही म्हणणारा मंडळीच्या लक्षात राहतो. “प्रार्थना करून सांगतो” म्हणा. आवाज खाली, नजर चपलांकडे. प्रार्थना करू नका, असं सांगायची पाळकांची काय बिशाद! किती दिवस करायची? शिक्षक मिळेपर्यंत.

2. खूण मागा. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली आणि दव फक्त तिच्यावर पडावं, भोवतालची जमीन कोरडी राहावी, असं देवाला साकडं घातलं. तसं झालं, तर दुसऱ्या रात्री नेमकं उलटं मागितलं. त्याचं नशीब असं की तेही झालं. तुम्ही लोकर काचा लावलेल्या बाल्कनीत पसरा. तिथे दव पडत नाही, त्यामुळे निकाल खात्रीचा.

3. योनासारखं पळू नका. जायचं होतं पूर्वेला निनवेला. गडी याफोला गेला, भाडं मोजलं आणि तार्शीशच्या जहाजात बसला. मासा, उलटी, पुन्हा निनवे. पैसे गेले ते वेगळेच. त्यापेक्षा समितीत शिरा. आजाऱ्यांना भेटी कशा द्याव्यात यावर चर्चा करणाऱ्याला ‘भेटायला जा’ असं कुणी म्हणत नाही. शिवाय चहा मिळतो.

4. दुसऱ्याचं नाव सुचवा. जीभ जड आहे म्हणून मोशेने काकुळतीला येऊन दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगितलं आणि अहरोन सोबतीला मिळाला. (देव रागावला होता, तो भाग सोडा.) “मावशींना ते दान आहे” म्हणा. मावशींकडे फुलं, झाडू आणि वेदीचं कापड आधीच आहे. एकाने काय फरक पडतो?

5. पूर्वजांचा अभिमान बाळगा. रेव्हरंड टिळकांची भजनं डोळे मिटून म्हणा. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, हे व्याख्यानात जरूर सांगा. घरी मुलांसमोर नको. पोरं खरंच नोकऱ्या सोडतील. केडगावला मुक्ती मिशनची सहलही काढा, एसी बसने. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना आणायला स्वतः मध्य प्रांतात गेल्या होत्या. उपसमिती वगैरे काही नाही, थेट निघाल्या! परतताना बसमध्ये हळहळून घ्या.

6. अपवाद एकच. नाताळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन किंवा मंडळीचं सेक्रेटरीपद चालून आलं, तर लोकर नको, प्रार्थनेला मुदत नको. “प्रभूची इच्छा” म्हणा आणि माईक घ्या. खुर्च्या मांडायचं पाचारण नेहमी संशयास्पद असतं. खुर्चीत बसायचं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

7. प्रीतिभोजनाच्या रविवारी विशेष जपा. जेवण झालं की सगळ्यांना सलाम करून निघा, पण पुढच्या दाराने. मागे नळावर त्याच मावशी पदर खोचून करपलेलं पातेलं घासत बसलेल्या असतात. त्यांना “प्रार्थना करून सांगतो” म्हणून बघू नका. त्या “करा की, दादा” म्हणतात आणि काथ्या हातात देतात.