ट्रेकचा लीडर

मित्रांच्या ट्रेकचा लीडर निवडून येत नाही. जो व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो आणि त्याच्या डीपीला कोकणकड्याचा फोटो लावतो, तो लीडर होतो. हे पद तिशीच्या सुमारास मिळते आणि गुडघे जाहीर नकार देईपर्यंत टिकते. नोकरी बँकेत, आयटी कंपनीत किंवा शाळेत असते आणि तिथे त्याचे कोणी फारसे ऐकत नाही. वास्तव्य ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक या पट्ट्यात, कारण शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी यायचे तर सह्याद्री हाताशी हवा. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या संस्थेचा लीडर निराळा. इथे विचार आहे तो फुकटच्या लीडरचा.

मोहीम ग्रुपवर सुरू होते. ग्रुपवर बावीस जण असतात. ‘हरिश्चंद्रगड?’ एवढा एक शब्द पडला की अठरा अंगठे वर होतात. बुधवारपर्यंत त्यांतले अकरा उरतात, शुक्रवारी दुपारी आठ, आणि रात्री कल्याणच्या एसटी स्टँडवर सहा. उरलेल्यांच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे आलेले असतात. लीडर चिडत नाही. “कमी माणसं बरी, स्पीड मिळतो,” असे तो म्हणतो. हा स्पीड पुढे कुठेही आढळत नाही.

सामानाची यादी त्याने आठवडाभर आधी पाठवलेली असते: तीन लिटर पाणी, टॉर्च, जादा सेल, ताट-वाटी, अंथरूण, माणशी दोन कांदे, दोन बटाटे. यादी कोणी वाचत नाही. कांदे एकटा लीडरच आणतो, तेही सहा जणांचे. त्याच्या सॅकला बाहेरून एक दोर लटकवलेला असतो. तो आत मावतो, पण मग एसटीतल्या लोकांना दिसणार कसा? या दोराने आजवर ओले कपडे वाळवण्याचे काम केलेले आहे आणि त्यात तो कधी कमी पडलेला नाही. पायात ॲक्शनचे स्वस्त बूट. एखाद्याने खास या ट्रेकसाठी महागडे नवेकोरे बूट घेतलेले असतात, त्यांच्याकडे लीडर करुणेने पाहतो. या बाबतीत मात्र त्याचे म्हणणे खरे ठरते. न रुळलेले बूट वाटेतली तोलार खिंड यायच्या आतच टाच सोलतात.

हरिश्चंद्रगडाची उंची 1424 मीटर. पाचनईची वाट सर्वांत सोपी आणि जवळची, म्हणूनच लीडर तिला ‘पिकनिकची वाट’ म्हणतो. त्याची पसंती खिरेश्वरला. पहाटे माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचे, पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून गावात चालत जायचे, पोहे-चहा घ्यायचा आणि तोलार खिंडीच्या दिशेने चढायला लागायचे. खिंडीत एक व्याघ्रशिल्प आहे. त्यापुढे रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो. तो चढला की पठार येते, आणि इथेच नवख्यांची फसगत होते. पठार आले म्हणजे गड आला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मंदिर गाठेपर्यंत एकामागून एक टेकाडे चढायची-उतरायची असतात.

या टेकाडांवर लीडरचे कालमापन कसाला लागते. चालण्याच्या वेळेचा एक हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडला होता. साधारण 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास, असा तो नियम आजही जगभर वापरला जातो. लीडरचा नियम याहून सुटसुटीत आहे: कुठूनही कुठेही जायला पंधरा मिनिटे. पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशी गड पंधरा मिनिटांवर असतो, दुसऱ्याच्या माथ्यावर पंधरा मिनिटांवर असतो, आणि चौथ्यावर कोणी घड्याळ दाखवले तर “आता खरंच पंधरा” असे सुधारित उत्तर मिळते. याला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. खरा आकडा खिरेश्वरात सांगितला असता तर निम्मी मंडळी दुसरा चहा मागवून तिथेच बसली असती. महाराष्ट्रातले पुष्कळ गड माणसे या पंधरा मिनिटांच्या भरवशावरच चढलेली आहेत.

लीडरची वाट कधी चुकत नाही. ती ‘वेगळी’ असते. दगडावरचे चुन्याचे बाण दिसेनासे होतात, गुरांनी पाडलेल्या ढोरवाटांचे जाळे सुरू होते आणि कारवी छातीला लागते. तेव्हा तो थांबतो, कमरेवर हात ठेवून समोरच्या डोंगराकडे पाहतो आणि पाणी पितो. सगळे पाणी पितात. मोबाइलवर नकाशा उतरवून आणणारा एखादा मित्र “आपण उजवीकडे भरकटलोय” असे हळूच म्हणतो, त्याला “जंगलात जीपीएसचं ऐकायचं नसतं” असे उत्तर मिळते. मग एखादे मामा गुरे घेऊन येतात. लीडर “वाट कुठली?” असे विचारत नाही, तसे विचारण्यात पदाची हानी आहे. तो विचारतो, “मामा, ही वाट गडावरच जाते ना?”

“जाते ना,” मामा म्हणतात, “पण उद्याच्याला पोचाल.”

यानंतर मंडळी मामांच्या मागून चालू लागते. लीडर मामांच्या बरोबरीने पुढे राहतो आणि मधूनमधून मान डोलावतो, म्हणजे मागून पाहणाऱ्याला मामाच त्याची परवानगी घेत चालले आहेत असे वाटावे.

गडावर पोचल्यावर त्याच्यातला इतिहासकार जागा होतो. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, शेजारची पुष्करणी, चांगदेवांनी इथे केलेले तप, हे तो चांगले सांगतो; निदान पाटीवर आहे तेवढे सांगतो. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्याच्या मधोमध मोठे शिवलिंग आहे आणि चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. खांब म्हणजे युगे, चौथा पडला की जग बुडणार, अशी लोकसमजूत आहे. ती सांगताना लीडर त्याच खांबाजवळ उभा राहून फोटो काढून घेतो. कोणी शिल्पशैलीबद्दल खोलात विचारले की त्याला चूल पेटवण्याची आठवण होते.

चूल म्हणजे खिचडी. गडावरच्या झोपड्यांत गरम पिठलं-भाकरी मिळते, ठेचाही मिळतो, तरी लीडर खिचडी करतो. ती खालून लागते, वरून कच्ची राहते आणि मीठ दोघांनी टाकलेले असते. मंडळी “झकास” म्हणून वाटीभर खाते आणि टॉर्च घेऊन एकेक करून ‘जरा चांदणं बघायला’ झोपडीकडे जाते. शेवटी लीडरही तिथेच भेटतो. कोणी काही बोलत नाही. भाकऱ्या वाढवून मागितल्या जातात.

खिचडीच्या आधीचा सूर्यास्त कोकणकड्यावर. आत वळलेल्या त्या प्रचंड कड्याच्या काठाशी लीडर सगळ्यांना पालथे झोपायला लावतो, आणि ही सूचना पाळावी. खाली धुके आणि पाठीशी ऊन असे जुळून आले तर इथे गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसते. लीडरला ते नेहमी मागच्या वर्षी दिसलेले असते. बेलपाड्याहून वर येणाऱ्या नळीच्या वाटेकडे बोट दाखवून तो म्हणतो, “पुढच्या वेळी इथून.” ती वाट फार कठीण आहे आणि पुढच्या वेळी तो पुन्हा खिरेश्वराहूनच येणार आहे.

रविवारी रात्री ग्रुपवर फोटो पडतात आणि त्यानंतर हिशेब: एसटी, जीप, पोहे, भाकऱ्या, मामांना दिलेले चहापाणी, भागिले सहा. चार जण लगेच पैसे पाठवतात. पाचवा फक्त अंगठा पाठवतो. त्याचा वाटा लीडरच्या खिशातून जातो आणि पुढच्या ग्रुपमध्ये पहिले नाव त्याचेच असते.