देव फिरला, दादा फिरेना

पेशीच्या दिवशी हिंगोलीच्या कोर्टाच्या आवारात एक फटफटी येऊन थांबते. पुढे बसलेला वादी, मागे बसलेला प्रतिवादी. चुलतभाऊ. पेट्रोल निम्मं-निम्मं. पुकारा होईपर्यंत दोघं एकाच टपरीवर चहा घेतात. पुकारा झाला की एकमेकांकडं न बघता आत जातात. पुढची तारीख पडली की पुन्हा त्याच फटफटीवर गावाकडं. अशी जोडी आमच्या पाचही तालुक्यांत सापडते. नावं विचारू नका, तुमच्याच सोयऱ्यांची निघतील.

भांडण कशाचं? धुऱ्याचं. “त्यानं धुरा कोरला.”

किती कोरला? धरा दोन फूट रुंद, तीनशे फूट लांब. सहाशे चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या जरा वर. एकरी वीस क्विंटल वाळलेली हळद धरली तर या पट्ट्यात पिकणार पंचवीस-सत्तावीस किलो. अर्धं पोतं! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मान्य. पण मानांकनानं अर्ध्या पोत्याचं पोतं होत नाही. आता दुसऱ्या पारड्यात वकिलाची फी टाका, नकलांचा खर्च टाका, मोजणीचं चलन टाका, दर तारखेला बुडालेला दिवस टाका आणि टपरीवरचा चहा टाका. हळद नऊ महिन्यांत घरात येते. निकाल घरी आणायला नातू लागतो.

यावर पारावरचं ठरलेलं मत असं, की हे सगळं वकिलांनी लावून दिलं. धादांत खोटं. वकिलाच्या पायरीवर पाय पडतो तेव्हा धुरा कोरून झालेला असतो, कुऱ्हाड दाखवून झालेली असते आणि दोन्हीकडच्या आया-बहिणींचा उद्धारही झालेला असतो. वकील बिचारा त्याला पान नंबर घालतो. उलट एखादा वकील म्हणाला, “दाजी, मिटवून घ्या, ह्यात काही राम नाही,” की दाजी बाहेर येऊन पहिलं वाक्य टाकतात, “हा समोरच्याला मिळाला वाटतं.” आणि दुसऱ्या दिवशी वकील बदलतात. आम्हाला सल्ला देणारा नको असतो. समोरच्याची जिरवणारा हवा असतो, आणि त्याची फी असते.

खरं तर मिटवून घेण्याची कला आमच्या जिल्ह्याला जन्मजात असायला हवी. १ मे १९९९ रोजी परभणीची खातेफोड झाली आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ आमच्या वाट्याला आले. एवढी मोठी वाटणी झाली, पण तिच्या धुऱ्यावर कुणी कुऱ्हाड काढल्याचं ऐकिवात नाही. अर्धं पोतं हळद मात्र आम्हाला वाटून घेता येत नाही.

एक शब्द हरवला, त्याचा हा परिणाम असावा. राजीनामा. आज तो पद सोडायचा कागद आहे आणि तो सहसा कुणी देत नाही. निजामाच्या राज्यात इथली अदालत उर्दूत चाले. तिथली पेशी आमच्या तोंडात अजून आहे, फैसला आहे. राजीनाम्याचा तिथला अर्थ मात्र पुसला गेला. त्या अदालतीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. त्याआधी मराठ्यांच्या गोतसभेतही वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, की गोत म्हणेल ते मान्य. हरणारा यजितखत लिहून देई. मग सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे झळ तेव्हाही दोघांच्याच खिशाला. फरक एवढाच, की तेव्हा राजी व्हायचा कागद निवाडा व्हायच्या आधी व्हायचा. आता आयुष्यभर भांडून दोघंही दमले, की मग ‘तडजोड पुरसिस’ दाखल होते.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणू नका. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावात समिती, समितीला अध्यक्ष, गाव पात्र ठरलं की लोकसंख्या बघून लाखांत बक्षीस. समित्यांनी बरंच मिटवलं, पळून आलेल्या जोडप्यांची लग्नंही लावली. मग गावाला कळलं, की अध्यक्षपद मानाचं आहे. आता गावात तंटा नसला तरी हरकत नाही, ग्रामसभेत तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडायला घ्या. तंटा हजर!

ज्यांचं नाव त्या मोहिमेला आहे, ते स्वतः वकील. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांचा चाळीस हजार पौंडांचा दावा, तोही नात्यातल्याच तय्यब शेठांवर. गांधींनी दोघांना लवादाकडं नेलं. निकाल अब्दुल्लांच्या बाजूनं लागला. एकरकमी वसुली केली असती तर शेठ बुडाले असते. गांधी मग आपल्याच, म्हणजे जिंकलेल्या अशिलाच्या मागं लागले आणि लांब मुदतीचे हप्ते कबूल करून घेतले. हा प्रसंग तंटामुक्तीच्या कमानीवर रंगवायला हवा होता. आम्ही चष्मा रंगवला.

आजही सोय आहे. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. अपील नाही म्हटल्यावर आमच्याकडं निम्म्या लोकांचा रसच जातो. २०२३ च्या जानेवारीत ‘सलोखा’ योजना आली. तुमची जमीन माझ्या ताब्यात, माझी तुमच्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं चाललंय? मग तलाठ्याचा पंचनामा करा, अदलाबदलीचा दस्त करा. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार, विषय संपला. दोन हजारांत! पण दाजींना तिथंही शंका येते, “एवढ्या स्वस्तात मिटतंय, म्हंजे त्याचाच काही फायदा असंल.”

इथवर वाचून कुणी मान डोलावत असेल, की बरोबर आहे, कोर्टाची पायरी चढूच नये, तर जरा थांबा. आमच्या जिल्ह्यात एक तडजोड वर्षानुवर्षं कोर्टाबाहेर होते. तिला ना तारीख लागते ना समिती. बहिणीला सणाला बोलावतात, पुरणपोळी होते, साडीचोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. हक्कसोडपत्र! महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, देशानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी केलं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो. एवढ्या सगळ्यावर दादाचं एक वाक्य भारी पडतं, “आक्का, माहेर ठेवायचंय ना?”

अर्ध्या गुंठ्यासाठी कोर्टात जाणारा हाच दादा. चुलतभावाला दोन फूट सोडत नाही आणि बहिणीनं दोन एकर हसत सोडावेत म्हणतो. तिनं वकील गाठला तर ती भांडखोर, घर फोडणारी. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. विधी सेवा प्राधिकरणाची ही पाटी कोर्टाच्या आवारात असते. पण आक्काची जीप तिकडं वळतच नाही.

कोर्टाबाहेर मिटलं म्हणजे न्यायानं मिटलं, असं समजायचं कारण नाही. पारावर बसून दुबळ्याला गप्प करण्यालाही आम्ही तडजोड म्हणतो. वाळीत टाकायची धमकी देऊन गप्प करणाऱ्यांसाठी तर राज्याला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. खऱ्या मिटवामिटवीची खूण एकच, की ज्याचं पारडं जड, तो थोडा सरकला का? दादा अब्दुल्ला सरकले होते.

तेवढ्यासाठी आफ्रिकेला जायचीही गरज नाही, औंढ्याला चला. नरसीचे नामदेव नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी हटकलं, मागं जा म्हणाले. नामदेव मुकाट मागं गेले आणि तिथं गाऊ लागले. पुजाऱ्यांच्या लेखी तंटा मिटला होता, तडजोड झाली होती. नागनाथाला ती पटली नाही. सबंध देऊळ घेऊन तो नामदेवांकडं फिरला. नंदी तेवढा मागं राहिला, असं सांगतात.

दर सोमवारी आम्ही त्या देवळात नारळ फोडतो. आणि मंगळवारी आक्काला कचेरीत नेतो. कागदावर ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ हे आधीच टाइप केलेलं असतं. आक्का चष्मा नसल्यासारखी त्याच्याकडं बघते, मग दादाकडं बघते, आणि अंगठा पुढं करते.

दादा घड्याळ बघत असतो. दुपारी त्याची धुऱ्याची पेशी आहे.